दोन कंकणांचा आवाज

साठीकडे झुकलेल्या विधवेला आमच्याकडे दोनच कामं सुचवली जातात: नातवंडं सांभाळ आणि देवाचं नाव घे. दोन्हींना माझी ना नाही. नातवंडं आहेत, आणि सारंगखेड्यात नांदायला आलेल्या बाईला दत्तप्रभूंचं नाव वेगळं शिकवावं लागत नाही. तापीकाठचं एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार हे सगळं माहेरी ऐकत होते, सासरी आल्यावर त्यातच केस पिकले. अडचण एवढीच, की ही यादी तिथेच संपते. तिसरं काही हवंसं वाटलं तर ते पाप नसलं तरी चूक असतं, आणि चूक नसलं तरी बरं दिसत नाही.

माझं तिसरं म्हणजे एका माणसाची सोबत. मी 59 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. ते 63 वर्षांचे, एसटीत मेकॅनिक होते, घर शहाद्याला. त्यांची बायको दीर्घ आजारात गेली. माझे यजमान त्याही आधी गेले, शेतातून आले, पाणी मागितलं आणि संपलं. आमचं बोलणं-भेटणं कानावर गेलं तेव्हा मोठ्या जाऊबाई भांडल्या नाहीत. जवळ बसवून म्हणाल्या, “या वयमा काय व माय! आते दत्तनं नाव ले.”

त्यात कुचकेपणा नव्हता. त्या स्वतः पहाटे उठून स्मरण करतात, उपास मोडत नाहीत, खोटं बोलत नाहीत. त्यांना मनापासून वाटतं की मी उतारावर चुकीचं वळण घेतेय. त्यांनी प्रश्न दत्ताचं नाव घेऊन विचारला, तेव्हा उत्तरही तिथूनच यायला हवं. जमाना बदलला, पुण्या-मुंबईत असं चालतं, ही उत्तरं त्यांना पटणार नाहीत आणि खरं तर मलाही पुरत नाहीत. प्रपंच हातावेगळा होत आल्यावर माणसानं पुन्हा एका माणसात गुंतावं का, हा प्रश्न माझाही आहे.

ओळख कशी झाली ते आधी सांगते. पेन्शनवाल्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. शहाद्यातल्या एका केंद्रात त्यासाठी रांग लागली होती. यंत्रावर अंगठा टेकवायचा, यंत्रानं तो ओळखला की तुम्ही हयात. माझ्या पुढच्या गृहस्थांचा अंगठा यंत्र काही केल्या घेईना. पाने, ग्रीस आणि डिझेल यांत आयुष्य काढलेला हात; बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. काचेवर अंगठा दाबून दाबून त्यांचं नख पांढरं पडलं होतं. मागची माणसं चुळबुळ करायला लागली, यंत्रावरचा पोरगा वैतागला. मला शाळेत पोरांच्या बोटांची शाई पुसायची सवय. बाटलीतलं पाणी रुमालावर घेतलं, त्यांचा हात धरून बोटं एकेक पुसली आणि म्हटलं, “अंगठा राहू द्या, अनामिका ठेवून बघा.” यंत्रानं ती घेतली. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्यामुळे आणखी एक वर्ष जिवंत.” आजही ते मला मॅडमच म्हणतात.

पुढे फोन आले, तापीवरच्या बॅरेजकडे संध्याकाळचं फिरणं आलं, आणि गेल्या यात्रेत घोड्यांच्या दावणीजवळच्या टपरीवर आम्ही दोघांनी चहा घेतला. मारवाडी, काठेवाडी घोडी बघायला सगळा मुलूख लोटलेला असतो. तिथे एका बाकावर बसून चहा पिणं म्हणजे गावात दवंडी देणंच. दवंडी जाऊबाईंपर्यंत पोचली.

आता दत्ताकडे वळते. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. दत्तसंप्रदाय त्या अवधूताला दत्तात्रेयच मानतो. एकनाथांनी याच स्कंधावर ओव्या लिहिल्या आणि तो ग्रंथ काशीत 1573 साली पुरा केला. त्यांच्याआधी कितीतरी वर्षं महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांनी ‘उद्धवगीता’ याच स्कंधावर रचली. त्यामागची कथा मराठी शिकवणाऱ्याला ठाऊक असते. त्यांचं ‘शिशुपाळवध’ वाचून एका ज्येष्ठ गुरुबंधूनं सांगितलं की काव्य उत्तम झालंय, पण त्यात शृंगार आहे, ते संसारी माणसाच्या कामाचं, निवृत्त झालेल्याच्या नव्हे. मग त्यांनी ‘उद्धवगीता’ लिहिली. म्हणजे जाऊबाईंची तक्रार सातशे वर्षं जुनी आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

त्या चोवीस गुरूंत पृथ्वी, वारा, आकाश आहेत, अजगर आहे, कोळी आहे. स्त्री-पुरुषाच्या नात्याशी थेट भिडणारे मला तीन दिसतात: कपोत, पिंगला आणि कुमारी.

पिंगला ही मिथिलेतली गणिका. धनवान गिऱ्हाइकाची वाट बघत ती रात्रभर दारात-घरात येरझाऱ्या घालते. कुणी येत नाही. शेवटी आशाच सोडते आणि शांत झोपते. हा गुरू मला पुरता मान्य आहे. मध्यंतरी एकदा त्यांचा फोन दिवसभर बंद होता, तेव्हा मी चौदा वर्षांच्या पोरीसारखी मोबाइल हातात घेऊन घरभर फिरले. संध्याकाळी कळलं, फोन पाण्याच्या टाकीत पडला होता. स्वतःचाच राग आला. कुणाच्या येण्यावर आपली झोप टांगून ठेवायची नाही, हे पिंगलेकडून शिकायचं आणि सोबत असली तरी पाळायचं.

कपोताची गोष्ट जड आहे. जंगलात कबुतरांचं जोडपं, घरटं, पिल्लं. पारधी जाळं टाकतो, पिल्लं अडकतात, त्यांच्यामागे कबुतरी जाते, आणि आता जगून काय करू म्हणत कबुतर जाणूनबुजून जाळ्यात शिरतो. अवधूत म्हणतो, अति स्नेह करू नये. विशीतल्या माणसाला ही गोष्ट कळत नाही, कारण आपलं माणूस जाईल हे त्याला खरं वाटत नाही. आम्ही दोघं ते जाळं बघून आलोय. यजमान गेल्यावर मीही त्या कबुतरासारखी काठावर उभी होते. मुलगी तेव्हा बारावीत होती म्हणून मागे फिरले. आता या वयात जो कुणी सोबत येईल त्याच्याबरोबर पारधीही येणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. त्यांच्या छातीत एक स्टेंट आहे, माझी साखर वर-खाली होते. यातला एक आधी जाणार, दुसऱ्यानं जाळ्यात उडी घ्यायची नाही, हे आम्ही बॅरेजच्या कठड्याशी उभं राहून सरळ बोललोय. पहिल्या लग्नात असं बोलणं अभद्र वाटलं असतं. मला वाटतं, कपोताचा धडा अंगी लागायला एकदा तरी एकटं उरावं लागतं. तो धडा शिकलेल्यांनाच ‘आता प्रेम नको’ म्हणायचं, यात काही तरी उलटं आहे.

राहिली कुमारी. जाऊबाईंच्या म्हणण्याला खरा आधार तिचाच. एका मुलीला मागणी घालायला पाहुणे आलेत, घरात ती एकटीच. त्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडायला बसते. कांडताना हातातली कंकणं वाजतात. आवाज बाहेर गेला तर घरची गरिबी उघडी पडेल म्हणून ती एकेक कंकण फोडते. दोन-दोन उरतात, तीही वाजतात. मग दोन्ही हातांत एकेकच ठेवते, आणि आवाज थांबतो. अवधूत शिकतो तो धडा असा: पुष्कळजण एकत्र राहिले की भांडण होतं, दोघं राहिले तरी बोलणं होतं, म्हणून एकट्यानं असावं.

वर्षानुवर्षं ही गोष्ट मी अवधूताच्या बाजूनं वाचली. अलीकडे मुलीच्या बाजूनं वाचली. तिनं कंकणं वैराग्यानं फोडली नाहीत. मूळ श्लोकात ती लाजली असं स्पष्ट म्हटलंय. बाहेर चार माणसं बसलीत, त्यांना काय वाटेल, या भीतीनं तिनं हात रिकामे केले. शांतता अवधूताला मिळाली. तिच्या वाट्याला उरलेला भात कांडणं आलं.

बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. हातात एक कंकण, घरात शांतता, ओठांवर नाम. पण एक एकटेपणा माणसानं शोधून घेतलेला असतो आणि दुसरा चारचौघांच्या धाकानं पत्करलेला. पहिल्याला मी हात जोडते. आमच्याकडे येणाऱ्या महानुभाव तपस्विनी बघितल्या की त्यांचं निवांतपण खोटं वाटत नाही, कारण ती वाट त्यांनी स्वतः धरलेली आहे. माझं तसं नाही. यजमान गेले तेव्हा माझ्या बांगड्या एका वडीलधाऱ्या बाईनं फोडल्या. कुमारीनं निदान स्वतःच्या हातानं फोडल्या होत्या. मला कुणी विचारलंही नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी वाचली तेव्हा कळलं, माझ्या मनगटावरची शांतता माझी नव्हतीच. वैराग्य ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. दुसऱ्यानं लादलं की ती शिक्षा होते, मग वर कितीही नाम घ्या.

आणि दोघं राहिले की बोलणं होतं, हा जर दोष असेल, तर मला तोच दोष हवा आहे. मुलं परगावी गेल्यावर माझ्या घरात दिवसाचे तास शब्दावाचून जायचे. मुलगा रोज फोन करतो, “जेवलीस का, गोळी घेतलीस का” विचारतो. ती काळजी झाली. बोलणं वेगळं. बसचा एअर ब्रेक कसा लागतो हे ते मला समजावतात. हवा गेली की ब्रेक सुटत नाही, उलट लागतो, हे ऐकून मी चकित झाले. मी पोथीतला भाग वाचून दाखवते, ते मध्येच थांबवून शंका काढतात. पिंगलेच्या गोष्टीवर म्हणाले, “पण त्या रात्री कुणी आलं असतं तर?” या प्रश्नावर आम्ही पूल संपेपर्यंत वाद घातला. एवढं मन लावून अध्यात्म मी देवळातही ऐकलेलं नाही.

देहाचं काय, असं लोक विचारत नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत तेच असतं. टाळण्यात अर्थ नाही. साठीत देह संपत नाही; त्याची घाई संपते. ययातीची गोष्ट इथे हटकून पुढे केली जाते. म्हातारपण आल्यावर त्यानं पोटच्या मुलाचं तारुण्य मागून घेतलं, हजार वर्षं उपभोगलं आणि शेवटी कळलं की भोगानं भूक भागत नाही. ययातीचा अपराध मला वेगळा दिसतो. त्याला स्वतःचं वय नको होतं आणि ते त्यानं मुलाच्या माथी मारलं. आम्हाला आमचं वय हवं आहे, गुडघ्यांसकट. मुलांकडे आम्ही वर्षं मागत नाही. त्यांनी तोंड फिरवू नये, एवढंच मागतो.

मुलांचं तोंड फिरतं तेही बहुतेक वेळा धर्मामुळे नाही. माझ्या मुलाचा पहिला प्रश्न होता, “आई, शेताचं काय?” मला वाईट वाटलं नाही. हा प्रश्न उपनिषदातही आहे. याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो तेव्हा आधी दोन बायकांमध्ये वाटणीची गोष्ट काढतो. मैत्रेयी विचारते की धनानं भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तर मी अमर होईन का, आणि तिथून ब्रह्मविद्या सुरू होते. आधी सातबारा, मग ब्रह्म. मी मुलाला कायदा सांगितला. 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यानं लग्नाची मुभा दिली, पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा झाला, आणि तो जुना कायदा 1983 मध्ये रद्द झाला. म्हणजे लग्न केलं तरी माझा वाटा माझाच राहतो. म्हणूनच मृत्युपत्र करून तो दोन्ही मुलांच्या नावे ठेवायचं ठरवलंय. तिकडे शहाद्याला त्यांनीही आपल्या मुलांसाठी तसंच करायचं. मधला तिढा सुटल्यावर मुलगा बराच मऊ झाला.

‘आपल्यात असं नसतं’ हे मात्र मी ऐकून घेत नाही. खानदेशात शेती करणाऱ्या कितीतरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागायचा. कुठे मोहतूर म्हणत, कुठे गंधर्व. रात्री, वाजंत्रीशिवाय, कमी मानानं लागायचा, पण लागायचा. हातात पैसा आला, वरच्या जातींचं वळण गिरवावंसं वाटलं, आणि पाट बंद होणं हीच घराण्याची शोभा ठरली. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल-पावरा समाजात बाई दुसरं घर करते, पंच बसतात, देजाचा, म्हणजे वधूमूल्याचा, हिशेब होतो आणि जगणं पुढे चालतं. मनुस्मृतीसुद्धा वानप्रस्थाला निघालेल्या माणसाला बायकोला मुलांकडे ठेवायची किंवा बरोबर न्यायची, अशा दोन्ही वाटा देते. अत्री-अनसूया तर आश्रमात तपच करत होते, दोघं मिळून. आमचा दत्त त्या जोडप्याच्या पोटी आला.

नव्या वाटाही आहेत. माधव दामले यांनी 2012 मध्ये पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं. अहमदाबादचे नटुभाई पटेल 2001 च्या भूकंपात जोडीदार गमावलेली माणसं बघून या कामात पडले आणि उतारवयातल्यांचे परिचय मेळावे भरवू लागले. 2019 मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा सुनेनं सासूचं लग्न लावण्याची गोष्ट आमच्या गल्लीत घरोघरी बघितली जात होती. टीव्हीतल्या सासूच्या पाठीशी निदान सून उभी होती.

एक खोच मात्र कुठल्याच पोथीत नाही. विधुराला लोक लगेच सुचवतात, “भाकरी करायला कुणी तरी हवं.” त्याला पिंगला-कपोत कुणी ऐकवत नाही. बाईला जप आणि पुरुषाला भाकरी, अशी ही वाटणी. त्यामुळे माझी पहिली अट तीच होती. चाळीस वर्षं मी चुलीशी होते, पुन्हा कुणाची स्वयंपाकीण होणार नाही. ते काही न बोलता उठले आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. परातीत दादर ज्वारीचं पीठ, आधण आलेलं पाणी. तळहातावर पाणी लावून भाकरी थापली ती एका बाजूला जाड झाली, तव्यावर मात्र फुगली. म्हणाले, “मंडळी अंथरुणावर होती तेव्हा शिकलो.” आजारी बायकोला ज्यानं करून घातलं, त्याच्याबद्दल मला आणखी चौकशी करावीशी वाटली नाही.

आता आमचा एकच वाद उरलाय. त्यांचं म्हणणं, चार जवळच्या माणसांसमोर माळा घालू, नंतर नोंदणी करू, बोभाटा कशाला? मला 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न हवंय. त्यात विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दोघांच्या नावांची नोटीस तीस दिवस भिंतीवर लागते, येणारा-जाणारा वाचू शकतो, हरकत असेल तर नोंदवू शकतो. तरुण पोरांना ती नोटीस जाचक वाटते, आणि त्यांच्यासाठी ती आहेच. घरचे माग काढत येतात. आमचं वय वेगळं आहे. आम्हाला पळवून न्यायला कुणी येणार नाही. ज्याला विचारायचंय त्यानं तोंडावर विचारावं. ते म्हणतात, “मॅडम, तुम्हाला भांडायची हौस.” मी म्हणते, दोघं आलो की आवाज होणारच, पोथीतच लिहिलंय.